जळक्या बेल्टचा वास

गडमुडशिंगीच्या एका दूध संस्थेत वर्षाराणी दूध घ्यायला बसायची, तेव्हा कॅन पुढं करणारी माणसं जरा दबकूनच असायची. फॅट मोजायचं मशीन तिच्या शेजारी असायचं, पण त्याच्याआधी तिचं नाक चालायचं. झाकण उघडलं, ती थोडी वाकली आणि तोंड वाकडं झालं की समजायचं, हे दूध घरी परत जाणार.

“न्हाय चालायचं,” ती म्हणायची. “कॅन धुतलाय का नुसता विसळलाय?”

समोर कुणीही असो, बोलणं हेच. एकदा चुलतसासऱ्यांचं दूध तिनं चारचौघांत परत केलं, तेव्हा घरात बरेच दिवस कुणी तिच्याशी धड बोललं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. आंबूस वास आला की तिच्या पोटात ढवळायचं, आणि आपल्या पोटात जे ढवळतं ते दुसऱ्याच्या घरात कसं पाठवायचं, इतका साधा तिचा विचार.

माहेर जयसिंगपूरचं. वडिलांचं बाजारात किराणा दुकान होतं. पोतं फोडलं की ते लेकीला हाक मारायचे आणि मूठभर शेंगदाणे किंवा खोबऱ्याची वाटी तिच्या नाकाशी धरायचे. खवट असलं तर ती लहानपणीसुद्धा अशी शहारायची की गिऱ्हाईक हसायचं. लग्न होऊन ती इकडं आली ती हेच नाक घेऊन. कुणाच्या घरी चहाच्या कपाला ओल्या फडक्याचा वास आला तर कप तसाच ठेवून उठायची. लग्नाच्या पंगतीत भाजीला कालचा वास आला तर ताट सरकवायची. अशा बाईचा गावात धाक असतो, पण तिला हळदीकुंकवाला बोलावताना माणसं दोनदा विचार करतात. नवरा कृष्णात म्हशी आणि ऊस यांत गुंतलेला, अबोल माणूस. तो एवढंच म्हणायचा, “तिला न्हाय सोसत, त्याला ती काय करणार?”

कृष्णातचा धाकटा भाऊ ऋतुराज मात्र घरात कमी आणि बाहेर जास्त. शाहूपुरीत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काही वर्षं काढली, तिथं ओळखी झाल्या, आणि त्या ओळखींतून एक कल्पना डोक्यात शिरली. घराण्याचा एक माळ होता गावाच्या वर. नुसता मुरूम आणि कुसळं. ऋतुराजनं कोकणातल्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून एटीव्ही आणल्या, म्हणजे जाड टायरच्या, खडकाळ रानातून पळणाऱ्या चारचाकी बाईक. सोबत लोखंडी पिंजऱ्याची दोन सिटांची एक बग्गीही आणली. जेसीबीनं माळावर वळणावळणाची वाट काढली, मधे पाणी सोडून चिखलाचा खड्डा केला, आणि टोकाला एक अशी चढण ठेवली की खालून बघणाऱ्याची टोपी मागं पडावी. फाट्यावर बोर्ड लागला. रविवारी कोल्हापुरातनं गाड्या यायला लागल्या.

वर्षाराणी पहिल्यांदा तिथं गेली ती दिरासाठी जेवणाचा डबा घेऊन. अर्ध्या वाटेवरच ती थांबली. वारा माळावरून खाली येत होता आणि त्यात एक वास होता. रबर जळाल्याचा, पण नुसता रबराचा नव्हे. त्यात गंधकासारखं काहीतरी झोंबरं होतं, आणि खाली सडक्या चिखलाची ओल. तिनं पदर नाकाला लावला. वर पोचली तेव्हा एक एटीव्ही चढणीच्या पायथ्याशी धूर सोडत उभी होती, आणि तिच्यावर बसलेले दोन दणकट पावणे अजून रेस पिळत होते.

“भावजी, काय जळालंय ह्ये?”

“बेल्ट हो वैनी. जळत असतोय. घालायचा दुसरा.”

“दर वेळी?”

“धंदाच हाय तसला,” असं म्हणून ऋतुराजनं डबा उघडला आणि त्या वासातच तो जेवायला बसला. वर्षाराणीला ते बघवलं नाही. ती परत फिरली. दारात पाय धुताना तिला जाणवलं की पदराला, केसांना, सगळ्याला तो वास चिकटलाय. त्या संध्याकाळी संस्थेत तिला दुधाचा वासच कळेना. एकीचं दूध तिनं घेतलं आणि मागनं समजलं की ते नासायला आलेलं होतं. हे तिच्या जिव्हारी लागलं.

पुढं गणपतीच्या आधी ऋतुराज तापानं पडला. डेंग्यू निघाला. माळ बंद ठेवायचा तर आगाऊ ठरवून येणारी माणसं परत जाणार. कृष्णातला म्हशी सोडून जाता येईना. मग वर्षाराणीच म्हणाली, “मी बघतो. पण तो वास आधी बंद करणार.” आमच्याकडं बायकाही जातो-येतो असंच बोलतात, आणि तिच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं.

बेल्ट म्हणजे काय ते तिला तेव्हा माहीत नव्हतं. शाहूपुरीतला ज्ञानूमामा हा जुना मिस्त्री ऋतुराजच्या ओळखीचा. तिनं त्याला बोलावून घेतलं. ज्ञानूमामानं एका एटीव्हीच्या बाजूचं कव्हर खोललं आणि दोघंही मागं सरले.

आत काळी भुकटी साचली होती, तव्यावरच्या काजळीसारखी. तिच्यात चिखल, वाळलेलं गवत आणि कसलातरी तेलकट राप मिसळून लगदा झाला होता. त्याच्यावर हवा आत खेचणारी रबरी नळी होती. ज्ञानूमामानं ती उपसली आणि आपटली, तर आतनं चिंध्या, भुईमुगाची टरफलं आणि त्यांत गुंडाळलेला एक वाळका उंदीर बाहेर पडला. त्याची शेपटी अजून नळीत अडकलेली होती.

वर्षाराणी तोंडावर हात धरून बांधाकडं पळाली. ती तिथं बराच वेळ वाकून उभी होती. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण ती म्हणाली, “मामा, आता सांगा. ह्येच्यात जातंय काय, आन् जायला काय पायजे?”

ज्ञानूमामानं तिला दाखवलं. मोटरसायकलला साखळी असते, इथं तिच्या जागी रुंद रबरी बेल्ट. मोपेडला असतो तसाच, फक्त जाडजूड. तो दोन तबकड्यांमध्ये दाबून धरलेला असतो. तबकड्यांनी त्याला घट्ट धरलं तर गाडी चालते. धरलं नाही, तो घसरला, तर घासून तापतो. त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात, मग तो आणखी घसरतो, आणखी तापतो, आणि शेवटी त्याचे दोरे सुटून तुटतो.

“आन् घसरतो कशानं?”

“घाणीनं,” ज्ञानूमामा म्हणाला. “पाणी गेलं, घसरला. ग्रीसचं बोट लागलं, घसरला. थंड हवा यायची नळी अशी तुंबली, तर न घसरताबी तापला. आन् माणसाच्या अकलेनं. चढणीला लो गिअर टाकायचा सोडून हाय गिअरमध्येच रेस पिळली की बेल्ट जागच्या जागी रगडतोय.”

मग त्यानं माळावरच्या शेडमधल्या फळीवरचा एक स्प्रेचा डबा उचलला. ऋतुराज तो बेल्टवर मारायचा, घसरू नये म्हणून. “ह्यो कुठल्या शहाण्यानं सांगितला? गिरणीच्या पट्ट्याला चालत आसंल. हितं ह्येनंच राप धरलाय सगळा.”

वर्षाराणीनं डब्याचं झाकण काढून हुंगलं आणि तो हातभर लांब धरला. आत जळालेल्या लगद्याखाली हाच गोडसर, चिकट वास होता. म्हणजे एवढे दिवस घाण झाकायला वरनं घाणच मारत होते. कॅन न धुता त्यात वेलदोडा टाकून दूध आणणारी एक बाई तिला आठवली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्या गाड्या दुधाच्या कॅनसारख्या धुवायला घेतल्या. ज्ञानूमामानं सांगितल्याप्रमाणे बेल्ट काढायचा, साबणाच्या पाण्यानं धुवायचा, सावलीत वाळवायचा. तबकड्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या, आणि फडकं एकदा वापरलं की परत तिथं आणायचं नाही. नळ्यांच्या तोंडाला तिनं बारीक जाळी बसवून घेतली. बेल्टला हात लावायच्या आधी हात सोड्यानं धुवायचे हा नियम तिनं स्वतःलाही लावला. हे सगळं ती नाक मुरडत करायची. तिला त्या यंत्रांबद्दल माया नव्हती, आणि पुढंही कधी वाटली नाही. तिला फक्त तो वास नको होता.

आणि वास थांबला. बेल्ट टिकायला लागले. ऋतुराज बरा होऊन माळावर आला तेव्हा गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि वर्षाराणी एका पावण्याला झाडत होती.

“आवो पावणं, फळ्यावरचं वाचता येतंय न्हवं? चढणीला लो गिअर. थांबल्या जागी पूर्ण रेस मारायची न्हाय. चिखलातनं बाहेर आला की गाडी न्यूट्रलला टाकून रेस द्यायची, आतलं पाणी उडून जाऊ दे, मग म्होरं. उतरायच्या आधी जरा वेळ इंजिन तसंच चालू ठेवायचं, आत वारं खेळंल. आन् नवा बेल्ट टाकलाय तुमच्या गाडीला, पहिल्या फेऱ्या दमानं मारा.”

“ताई, आम्ही मजा करायला आलोय,” तो म्हणाला.

“मजा तुमची, वास आमाला.”

ऋतुराजला हे आवडलं नाही. माणसं चार शब्द ऐकायला माळावर येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. पण बेल्ट वाचत होते, म्हणून त्यानं ते चालवून घेतलं. घरी आल्यावर कृष्णातला म्हणाला, “वैनी हाय म्हणून गाड्या चालत्यात, आन् वैनी हाय म्हणूनच माणसं कमी यायला लागल्यात.” कृष्णात नुसता हसला.

तसा तो पावसाळा सरला आणि सगळं बिघडलं.

राजवर्धन हा तालुक्यातल्या एका मोठ्या ठेकेदाराचा पुतण्या. वाढदिवस करायला तो मित्रांचा घोळका घेऊन माळावर आला. येतानाच त्यांच्यातल्या एकानं आपली जीप हौसेनं चिखलाच्या खड्ड्यात घातली आणि ती रुतली. जीप ओढायला बग्गी द्या, असं राजवर्धन म्हणाला.

“बग्गी वझं ओढायला न्हाय,” वर्षाराणी म्हणाली. “ट्रॅक्टर बोलावतो.”

“ट्रॅक्टर कशाला? आम्ही चालवू की.”

ऋतुराजनं तिला बाजूला घेतलं. माळाकडं येणारा रस्ता पक्का व्हायचा होता, आणि ते काम याच्या चुलत्याच्या हातात होतं. “आजच्या दिवस सोडा वैनी. पाया पडतो.”

“भावजी, बेल्ट जाईल.”

“जाऊ दे गेला तर. दुसरा घालू.”

त्यानं चावी दिली. राजवर्धननं बग्गी जीपला दोरानं बांधली, आणि लो गिअर टाका म्हणून वर्षाराणी ओरडत असताना हाय गिअरमध्येच रेस दाबली. बग्गी जागची हलेना, चाकं फिरेनात, आणि इंजिन मात्र किंचाळत होतं. मित्र टाळ्या वाजवत होते. कुणीतरी केक फेकला, तो बग्गीच्या जाळीवर बसला आणि वितळून आत गळायला लागला. आणि मग वारा फिरला तसा तो वास आला. तोच, पहिल्या दिवसाचा. जीप शेवटी सुटली, पण बग्गीच्या कव्हरातनं धूर येत होता.

“आता बंद करा,” वर्षाराणी पुढं झाली. “खाली उतरा. ह्यो बेल्ट संपलाय. वासावरनं सांगतो.”

राजवर्धननं नाक वर करून हुंगल्यासारखं केलं. “मला तर केकचा वास येतोय,” तो म्हणाला, आणि सगळे हसले. ऋतुराजही हसला. “बसा शेठ, एक चढण मारू आन् थांबवू,” असं म्हणून तो स्वतः शेजारी बसला.

बग्गी चढणीच्या मध्यापर्यंत गेली. खालून सगळ्यांना फाटकन आवाज ऐकू आला, ओला गोणपाट फाडल्यासारखा. इंजिनाचा आवाज एकदम वाढला आणि बग्गी थांबली. क्षणभरानं ती मागं यायला लागली. बेल्ट तुटला की इंजिनाचा चाकांशी संबंध उरत नाही, गाडीला अडवून धरणारं काही राहत नाही. ब्रेक चिखलानं ओले होते. राजवर्धन घाबरून ब्रेकच्या जागी रेस दाबत होता. वरनं ऋतुराजचा आवाज आला, “ब्रेक! ब्रेक दाब मर्दा!” आणि बग्गी कलती होत वळली, उलटली आणि लोळत खाली येऊन चिखलाच्या खड्ड्यात पालथी पडली.

राजवर्धन पिंजऱ्यातनं सरपटत बाहेर आला. त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. ऋतुराजचा पाय लोखंडी नळीखाली अडकला होता आणि तो ओरडत होता.

वर्षाराणी पळत खड्ड्यात उतरली. मागं वळून बघितलं तर काठावर सगळे उभे होते, आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल होता. समोरून, बाजूनं, वरून चित्रण चाललं होतं.

“या की खाली! उचला की!”

कुणीतरी म्हणालं, “ताई, थोडं बाजूला व्हा.” तिच्यामुळं चित्र अडत होतं.

खालच्या रानातनं कृष्णात धावत आला. त्या घोळक्यात नसलेला, बायकोसोबत आलेला अंबादास नावाचा एक शांत पावणा होता, त्यानं चपला काढून चिखलात उडी मारली. तिघांनी मिळून पिंजरा उचलला. ऋतुराजला बाहेर ओढलं तेव्हा त्याची नडगी जिथं वाकायला नको तिथं वाकली होती.

आणि तेवढ्यात वर्षाराणीला दिसलं की राजवर्धन प्यायच्या पाण्याच्या जारखाली बूट धरून उभा आहे. नळ सोडून एकेक बूट फिरवून फिरवून धुतोय. चिखलाचं पाणी जारच्या नळाला लागून खाली गळतंय, आणि तो मित्राला म्हणतोय, “नवे होते रे.”

ती पुढं म्हणायची की उंदीर बघून तिला ओकारी आली होती, पण त्या बुटांपुढं तो उंदीर काहीच नव्हता. उंदीर नुसता मेलेला होता.

घोळक्यातली एकही गाडी दवाखान्याकडं गेली नाही. सीट खराब होतील, असं कुणीतरी हळूच म्हणालं आणि ते तिनं ऐकलं. संस्थेच्या दुधाच्या टेम्पोत, रिकाम्या कॅनच्या मधे, तिनं दिराचं डोकं मांडीवर घेतलं आणि कोल्हापूर गाठलं.

पायात सळई बसवली. तिसऱ्या दिवशी राजवर्धनच्या चुलत्याची माणसं पेढे घेऊन दवाखान्यात आली. त्यांचं बोलणं गोड होतं. पोरांनी चित्रण सगळीकडं टाकलंय, आता लोक विचारणार. तेव्हा ऋतुराजनं एवढंच सांगायचं की गाडीत दोष होता, बेल्ट खराब होता, चालवणाऱ्याची काही चूक नाही. रस्त्याचं काम मग आपलंच समजा.

“बेल्ट खराब होता, ते खरंच की,” ऋतुराज खालच्या आवाजात म्हणाला.

वर्षाराणी खिडकीपाशी उभी होती. ती माणसं गेल्यावर तिनं पेढ्यांचा बॉक्स उचलून खोलीबाहेरच्या बाकावर ठेवला आणि येऊन हात धुतले. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते ऋतुराजच्या उशाशी सोडलं. बग्गीच्या कव्हरातनं काढलेला बेल्ट होता तो. बेल्ट कसला, चिंध्याच. दोरे सुटलेले, कडा काळ्या चकचकीत, आणि त्यात केकचं क्रीम चिकटून करपलेलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

“वास घ्या की भावजी.”

“वैनी, ह्ये काय?”

“घ्या. ह्यो बेल्ट आठ दिसामागं मी हातानं धुवून वाळवून बसवलावता. खराब होता म्हणं. घ्या वास, आन् सांगा खराब कोण होतं.”

ऋतुराजनं मान भिंतीकडं केली. मग तसाच भिंतीकडं बघत म्हणाला, “त्या दिवशी वास मलाबी आलता, वैनी. तुमच्या आदी आलता. बेल्ट गेलाय ह्ये कळूनच मी त्येच्या शेजारी बसलो.”

वर्षाराणीनं ती पिशवी गुंडाळली. तिला वाटलं होतं, हे ऐकून राग येईल. पण राग आला नाही. आला तो फक्त वीट, सगळ्याचाच. या माणसाचा, रस्त्याचा, पेढ्यांचा आणि माळाचाही. “मग हसला कशाला?” एवढंच तिनं विचारलं. मग पिशवी उचलून ती निघाली.

ऋतुराजनं शेवटी चुलत्याच्या माणसांना हवं तसं सांगितलं नाही. फार धाडस दाखवलं असंही नाही. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, बेल्ट चांगला होता, आम्ही जाळला. ‘आम्ही’ म्हणायचा, राजवर्धनचं नाव घ्यायचा नाही. वर्षाराणीला ते अर्धंच वाटायचं, पण ती म्हणाली, अर्धं तरी नासलेलं नाही. रस्ता झाला नाही. अजूनही माळावर जाताना गाडीचा खालचा पत्रा दगडाला लागतो.

माळ कृष्णातच्या आग्रहानं परत सुरू झाला. वर्षाराणीला तो कायमचा बंद करायचा होता. पण कृष्णात पहिल्यांदाच तिच्यासमोर ठाम बोलला. “त्येचा पाय असा झालाय. आता त्यो दुसरं काय करणार? तू आट घाल, पण चालू ऱ्हाऊ दे.” तिनं अटी घातल्या. चिखलाचा खड्डा बुजवला. ती चढण जेसीबीनं निम्मी उतरवली. बग्गी भंगारात गेली. चाव्या तिच्या कमरेला आल्या. ज्याच्या गाडीतनं वास आला त्याची फेरी तिथंच संपणार, मग तो कुणाचा का पुतण्या असेना.

गर्दी कमी झाली. येतात ती बहुतेक बायका-पोरं असलेली माणसं. ऋतुराज काठी टेकत फाटकाशी बसतो आणि आलेल्याला नियम सांगतो, वहिनीच्याच शब्दांत, फक्त हळू आवाजात. फेरी संपली की तो वाकून कव्हराशी हुंगतो. कधीतरी हाक मारतो, “वैनी, ह्ये जरा बगा.” ती येते, हुंगते, मान हलवते. दोघं एकमेकांशी याहून फारसं बोलत नाहीत.

परवा तिला एक फोन आला. आंबोलीकडं असाच माळ चालवणारा कुणी आदर्श नावाचा माणूस होता. ज्ञानूमामाकडून नंबर मिळाला म्हणाला. आमचे बेल्ट महिनाभर टिकत नाहीत, तुमचे कसे टिकतात?

संस्थेत दूध घेता घेताच ती बोलत होती. तिनं सगळं सांगितलं. धुवायचं कसं, वाळवायचं कसं, नळीला जाळी, ग्रीस लांब ठेवायचं, चढणीला लो गिअर, पाण्यातनं आल्यावर न्यूट्रलला रेस, वझं ओढायचं नाही, नव्या बेल्टला पहिल्या फेऱ्या दमानं. “आन् वास आला की थांबायचं. पावणा काय म्हणतोय ते ऐकायचं न्हाय.”

तिकडून तो हं हं करत होता. मग म्हणाला, “ते सगळं खरं हो ताई. पण एवढं कोण करत बसतंय? एखादा स्प्रे नाही का, मारला की झालं असा?”

वर्षाराणीनं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडं बघत राहिली. समोरची बाई कॅनचं झाकण हातात घेऊन उभी होती.

“शी,” वर्षाराणी म्हणाली, आणि फोन बंद केला.

“माझं दूध ताजं हाय की गं,” ती बाई घाबरून म्हणाली.

“तुला न्हाय म्हटलं,” वर्षाराणी म्हणाली. “आण हिकडं.”